गाठ कुठंय

मी पहिला प्रश्न तोच विचारला, गाठ कुठंय?
आमच्या शिफ्टच्या दस्तगीरला गालात होती,
सुपारीएवढी, बोट लावून दाखवायचा.
कॅन्सर म्हणजे गाठ आणि गाठ म्हणजे कापणं,
एवढं मला माहीत होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पालथा घातला,
मागच्या कोऱ्या बाजूला एक हाड काढलं.
"गाठ नाही, मगदूम. श्रेणिकला रक्ताचा आहे."
रक्ताचा म्हणजे कुठं?
ते काही बोलले नाहीत.
पेन हाडाच्या पोकळीत टेकवून
थोडा वेळ तसंच धरलं.

दोन महिने आम्ही फुटबॉलला दोष देत होतो.
नडगीवर काळेनिळे डाग,
म्हटलं पेठेत राहतोय, बॉल लागायचाच.
जिन्यात दम लागला, पद्मजा म्हणाली, ऊन किती आहे.
दात घासताना बेसिनमध्ये लाल यायला लागलं.
आम्ही ब्रश बदलला.

नर्सबाई समजवायला आल्या.
पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, त्या म्हणाल्या,
ह्याचे शिपाई बिघडलेत.
मला शिपाई पटले नाहीत.
रात्री राजारामपुरीतल्या त्या दवाखान्याच्या बाकावर
मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं.

शिरोलीला आमच्या फाउंड्रीत
साच्यात लोखंड ओतलं की थांबावं लागतं.
बाहेरनं गार दिसतं, आत लाल असतं.
घाईनं साचा फोडला तर माल वाकडा,
ना पंपाला बसतो, ना गाडीला.
पोराच्या हाडात तसंच चाललंय.
कच्चा माल बाहेर येतोय, तिन्ही पाळ्यांत,
तिथं सोमवारची सुट्टी नाही की लाईट जात नाही.
यार्ड भरलं, रस्ता भरला.
एक लाख चाळीस हजार पांढऱ्या,
त्यात कामाची शोधून काढायला लागेल.
चांगल्या मालाला जागाच उरली नाही.
तांबड्यांना नाही, म्हणून जिन्यात दम.
प्लेटलेटना नाही, म्हणून ब्रश.

पण घाई कुणी केली?
"कुणीच नाही," डॉक्टर म्हणाले,
"तुमच्या भट्टीचा धूर नाही,
वहिनींच्या डब्यातलं लोणचं नाही. होतं असं."
तेवढं एक अजून माझ्या गळी उतरत नाही.
आमच्या रिजेक्शनच्या रजिस्टरला
कारणाचा रकाना असतो.
तो कोरा ठेवला तर साहेब सही करत नाहीत.

प्लेटलेटची पिशवी आली.
मला वाटलं लाल असेल.
पिवळसर होती, गुऱ्हाळावरच्या रसासारखी.
दिली कुणी, तर ज्या संघाला हा
स्टेडियमच्या पायऱ्यांवरनं घसा फुटेस्तोवर ओरडतो
त्यांच्याच गोलकीपरनं.
दीड तास हात लांब करून बसला होता बिचारा,
मग न बोलता निघून गेला, सरावाला.
"पप्पा, आता मी त्यांच्यातला झालो काय?"
म्हटलं, पिशवी संपेपर्यंत.
तो हसला. ओठाला भेग होती, तरी.

आता महिनाभर भट्टीच बंद करायची म्हणे.
चांगलं-वाईट सगळंच थांबणार,
केस जातील, तोंड येईल.
मग बघायचं, नवा माल कसा निघतो.
सगळं मिळून अडीच वर्षं.
बरा होईल का, मी विचारलं.
"लहान मुलं बरीचशी होतात," ते म्हणाले.
'बरीचशी' हा शब्द मी खिशात घातला,
रात्रभर चाचपत राहिलो.

वाट बघता येते मला.
अठरा वर्षं त्याचाच पगार घेतोय.

सकाळी ब्रश नाही, कापसानं पुसायचं.
पद्मजा त्याचं डोकं धरते,
मी वाटी धरतो.
तो चूळ भरतो, थुंकतो,
आणि आम्ही तिघंही वाटीत बघतो.
गुलाबी.
कालच्यापेक्षा फिकं की तेवढंच,
ह्यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.